हाकललं नक्की कोणाला?

कुंचला हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव आता फक्त त्याच्या बायकोला आणि विजेच्या बिलाला ठाऊक होतं. कारखान्यात झाडूवाल्यापासून मालकापर्यंत सगळे त्याला कुंचलाच म्हणायचे, आणि त्याचं काम होतं डोळे काढायचं. घाबरू नका. कपड्यांच्या दुकानात काचेमागे सुटाबुटात उभे असतात ना पुतळे, त्यांचे. धड साच्यातून यायचं, हातपाय वेगळे यायचे, डोकं सगळ्यात शेवटी बसायचं, आणि मग तो ठोकळा खिडकीपाशी कुंचल्याच्या स्टुलासमोर येऊन उभा राहायचा. कुंचल्याने दोन बुबुळं टेकवली, पापण्या ओढल्या, भुवया फिरवल्या की ठोकळ्याचा माणूस व्हायचा. निदान कुंचल्याचं तरी तसं म्हणणं होतं. "देव बाकी सगळं करतो आणि डोळ्यांचं काम मला देतो," असं तो रोज एकदा तरी म्हणायचा, आणि ऐकणारे रोज एकदा तरी हात जोडायचे.

हात चोख होता, यात वाद नाही. पण चहाचं नाव काढलं की गडी विरघळायचा. मालकाची केबिन वरच्या मजल्यावर, चारी बाजूंनी काचेची. कोण जागेवर आहे नि कोण नाही, हे बघत मालक तिथे बसलेला. त्यावर कुंचल्याने तोड काढली होती. चहाला जायचं झालं की आपला अॅप्रन आणि टोपी तो एखाद्या पुतळ्याला चढवायचा, त्याच्या बोटांत ब्रश खोचायचा, केबिनकडे पाठ करून त्याला स्टुलापाशी उभा करायचा आणि मागच्या दाराने पसार व्हायचा. वरून बघणाऱ्याला वाटावं, काय मान मोडून काम करतोय! एकदा तर मालकाने सगळ्या कामगारांना गोळा करून सुनावलं होतं, "शिका जरा त्या कुंचल्याकडून. मघापासून बघतोय, मान वर केली नाही पठ्ठ्याने."

तर झालं असं की, त्या आठवड्यात कुंचल्याची बायको त्याच्याशी बोलत नव्हती. घरी त्याची बहीण आलेली असताना तो बायकोसमोरच बोलून गेला होता, "आमचे पुतळे बघ, दिवसभर उभे असतात, पण तोंडातून ब्र काढत नाहीत." झालं. त्या दिवसापासून बायकोनेही ब्र काढला नाही. नुसती डावी भुवई वर करून त्याच्याकडे बघायची. सकाळी ती भुवई, संध्याकाळी ती भुवई. शेवटी ती भुवई त्याच्या हातात उतरली. त्या आठवड्यात जेवढे पुतळे त्याच्या स्टुलासमोरून गेले, तेवढे डावी भुवई वर करून गेले.

पुतळे पोचले शहरातल्या एका मोठ्या दुकानात. चार दिवसांत दुकानदाराचा फोन आला. "अहो, गिऱ्हाईक काचेपाशी येतं, आणि तुमचा पुतळा त्याच्याकडे असा बघतो की, झेपणार आहे का तुला? गिऱ्हाईक मान खाली घालून निघून जातं! सगळेच्या सगळे परत न्या."

मालकाचं डोकं फिरलं. खाली उतरायचं तर चष्मा हवा, म्हणून चष्मा शोधायला लागला. शोधून दमला आणि खुर्चीत बसला, तेव्हा सापडला. चष्म्याचे दोन तुकडे टेबलावर टाकून तो तसाच जिना उतरला. समोर सगळं धुकं. त्या धुक्यात खिडकीपाशी त्याला एक ओळखीचा अॅप्रन दिसला आणि एक ओळखीची टोपी दिसली. मग काय विचारता!

"डोळे काढायला ठेवलंय तुला की माझे डोळे पांढरे करायला?" मालक कडाडला. "गिऱ्हाइकाचा अपमान करतोस? माझ्या पुतळ्याने कोणाची लायकी काढायची? गप्प काय उभा आहेस गाढवासारखा! बघ, वर तोंड करून बघ माझ्याकडे! नाही, मानच वळवणार नाही, एवढा माज!"

ही सरबत्ती चांगली रंगात आली होती तेव्हा कुंचला मागच्या दारातून आत शिरला, हातात चहाचा ग्लास. बघतो तर मालक त्याच्या पुतळ्याला फैलावर घेतोय. एखाद्याने खोकून लक्ष वेधलं असतं. पण आपलीच खरडपट्टी लांब उभं राहून ऐकायची संधी माणसाला कितीदा मिळते? तो घुटके घेत ऐकत राहिला. हसूही येत होतं. पण मालक म्हणाला, "तुझ्या हातात कला नाही, खाज आहे," आणि त्याचं हसू थांबलं. मालक पुढे म्हणाला, "चालता हो इथून! पुन्हा तोंड दाखवू नकोस! ऐकू आलं का?"

"आलं," दारातून कुंचला म्हणाला. "येतो."

ग्लास खिडकीत ठेवला आणि घरी निघून गेला.

मालक समाधानाने दम खात उभा राहिला. बघतो तर अॅप्रन अजून जागेवरच. "येतो म्हणतोस नि उभाच?" असं म्हणून त्याने त्याचं मनगट धरून हिसका दिला, आणि खांद्यापासून अख्खा हात उपटून त्याच्या हातात आला. मालकाने जी किंकाळी फोडली ती रस्त्यापलीकडच्या सलूनमध्ये ऐकू गेली. तिथे एकाची अर्धी मिशी उडाली. कामगार धावत आले. मालक हात धरून रडकुंडीला, "मी काही केलं नाही, मी नुसता ओढला!" तो हात फायबरचा आहे हे त्याला पटवायला बराच वेळ लागला. आणि पटलं तेव्हा सगळा कारखाना भिंतीला टेकून हसत होता.

अब्रू गेली की माणूस हट्टाला पेटतो. मालक तडक फाटकावर गेला आणि वॉचमनला म्हणाला, "ज्याला मी आत्ता हाकललं, त्याला उद्यापासून आत सोडायचं नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी कुंचला रोजच्यासारखा डबा घेऊन आला. वॉचमनने आडवा हात घातला.

आता गवंड्याला एका ठिकाणी नाही तर दुसऱ्या ठिकाणी काम मिळतं. शिंप्याला मिळतं. डोळे काढणाऱ्याला कुठे मिळणार? बाकीची माणसं डोळे घेऊनच जन्माला येतात. अख्ख्या गावात पुतळ्यांचा कारखाना एकच, आणि त्यात खिडकीपाशी स्टूलही एकच. ते गेलं तर कुंचला नुसता घरी बसलेला नवरा उरत होता. हाताला तर चैन पडेना. आधी त्याने फ्रिजला डोळे काढले. मग कपाटाला काढले. मग एका रविवारी न्हाणीघरातल्या बादलीला इतके सुंदर, टपोरे डोळे काढले की बायकोचं मौन सुटलं.

"एक तर ती नोकरी परत मिळवा, नाहीतर या बादलीचे डोळे मिटलेले काढा. मला आंघोळीला लाज वाटते."

"अगं, पण कोर्ट म्हणजे चपला झिजवायचं काम. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात."

"म्हणजे तुम्हाला काहीच अडचण नाही," बायको म्हणाली.

युनियनच्या भाऊंनी खटला घातला. भाऊ म्हणजे बुलंद आवाज. घरी पाणी मागायचं तरी "बंधूंनो" म्हणून सुरुवात करणारे. त्यांनी कुंचल्याला तयार केलं. "मालकाचा वकील विचारणार, अॅप्रन पुतळ्यावर कसा गेला? तू म्हणायचं, वाळत घातला होता. बास. चहाची भानगड काढायची नाही. काढलीस तर स्टूल विसर."

कामगार न्यायालय म्हणजे काहीतरी संगमरवरी खांबबिंब असतील असं कुंचल्याला वाटलं होतं. निघाली एक लांबट खोली. वर करकरणारा पंखा, पोपडे धरलेली भिंत, चार बाकं, आणि एका बाकाचा पाय विटेवर टेकवलेला. उंचावरच्या टेबलामागे न्यायाधीशबाई. बारीक चणीच्या, स्वेटर घातलेल्या, बाजारात शेजारी उभ्या राहिल्या तर कोणी वळून बघणार नाही अशा. "या काय न्याय देणार?" तो बायकोच्या कानात कुजबुजला. "यांचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचला तरी पुष्कळ."

पण थोड्याच वेळात त्याला एक गोष्ट दिसली. कोणी बोलायला लागलं की बाई हातातलं पेन खाली ठेवायच्या आणि बोलणाऱ्याकडे बघायच्या. त्याचं संपलं, अगदी पूर्ण संपलं, की पेन उचलायच्या. वकील असो, शिपाई असो, नियम एकच. कुंचला आयुष्यभर डोळ्यांकडे बघत आलेला माणूस. असं बघणं त्याने पूर्वी बघितलं नव्हतं.

"आधी सांगा, आपसात मिटतंय का?" बाईंनी विचारलं.

"मी काढलंच नाही, तर मिटवू काय?" मालक म्हणाला.

"काढलं नाही तर मी घरी काय करतोय?" कुंचला म्हणाला. "बादल्या रंगवतोय!"

"चांगला प्रश्न आहे," बाई म्हणाल्या. "आपण तेवढाच सोडवू. हा सोडून गेला की याला काढलं? मालक म्हणतात सोडून गेला. जो म्हणतो त्याने दाखवायचं. वकीलसाहेब, दाखवा."

वकीलसाहेब उठले. मालकाच्या साडूचे मित्र. कोट नवा, मुद्दा त्याहून नवा. "मॅडम, माझ्या अशिलांनी या कामगाराला एका शब्दानेही कामावरून काढलेलं नाही. जे काही बोलणं झालं ते एका वस्तूशी झालं. ती वस्तू मी सोबत आणली आहे."

दार उघडलं आणि दोन हमालांनी पुतळा आत आणला. अॅप्रन, टोपी, हात परत बसवलेला. कोर्टाच्या फाटकावरच्या पोलिसाने त्याची झडतीही घेतली होती म्हणे, खिशात ब्रश सापडला. हमालांनी तो बाकाशेजारी उभा केला. मागून आलेल्या एका आजोबांनी त्याला "जरा सरका हो" म्हणून दोनदा विनंती केली आणि तिसऱ्यांदा रागाने ढोसलं.

"हे बसत नाहीत का?" बाईंनी विचारलं.

"नाही मॅडम," वकील म्हणाले, "हे मॉडेल उभंच येतं."

पुतळ्याचं तोंड कोर्टाकडे वळवलं तेव्हा सगळ्यांना ती डावी भुवई दिसली. नेमकी त्याच वेळी मागच्या बाकावर कुंचल्याच्या बायकोनेही तो पुतळा पहिल्यांदा बघितला, आणि तिची डावी भुवई वर गेली. शिपायाने एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. लघुलेखकाने बघितलं. मग अख्खं कोर्ट टेनिसचा सामना बघावा तसं बघायला लागलं.

"हे साम्य योगायोगाचं आहे का?" बाईंनी विचारलं.

"नाही मॅडम," कुंचला खाली बघून म्हणाला.

"मी अशी दिसते?" मागून कुजबुज आली.

"रागावल्यावर."

"नाक नाही जमलं."

"नाक साच्यातलं असतं गं."

"शांतता," शिपाई म्हणाला, आणि स्वतःच हसला.

वकील पुढे सुरू झाले. वस्तू ही नोकरीवर नसते, सबब वस्तूला नोकरीवरून काढता येत नाही, सबब माझ्या अशिलांनी कोणालाच काढलं नाही, सबब कामगार 'जातो' असं म्हणून स्वतःहून काम सोडून गेला. एवढ्या सबबी ऐकून कुंचलाही मान डोलवायला लागला. कारण ऐकायला ते सगळं खरं वाटत होतं. त्याला स्वतःलाच क्षणभर वाटलं, अरेच्चा, मला तर कोणी काढलंच नाही!

मालक पिंजऱ्यात आला. भाऊ उलटतपासणीला उठले. "बंधू-भगिनींनो, आज इथे भांडवलशाही—"

"भाऊ, भांडवलशाही या खटल्यात पक्षकार नाही," बाई म्हणाल्या. "साक्षीदाराला प्रश्न विचारा."

भाऊंनी छाती फुगवली. "तुम्हाला लाज वाटत नाही का?"

"हे मत झालं. बसा. मीच विचारते." बाईंनी पेन खाली ठेवलं. "मालक, तुम्ही रागावत होतात तेव्हा हा कामगारच समोर आहे असं तुम्हाला वाटत होतं?"

"हो, म्हणजे चष्मा नव्हता ना. मी चष्म्यावर बसलो होतो."

"किती वेळ रागावलात?"

"झाला असेल बराच वेळ. मुद्दे पुष्कळ होते."

"तेवढ्या वेळात समोरून एकही उत्तर आलं नाही. तुम्हाला नवल नाही वाटलं?"

"नवल कसलं, मॅडम?" मालक मनापासून म्हणाला. "मी बोलत असताना कामगाराने उत्तर द्यायचंच नसतं."

वकिलांनी डोळे मिटून घेतले. बाईंनी "घ्या" असं म्हणून लघुलेखकाला वाक्य सांगितलं, जसंच्या तसं, एक शब्द न बदलता. मग विचारलं, "आणि जाताना तो नेमकं काय म्हणाला?"

"येतो म्हणाला."

"तुमच्या कागदात 'जातो' लिहिलंय."

"मॅडम," वकील तटकन उठले, "अर्थ तोच होतो. निघताना माणूस येतोच म्हणतो. म्हणायचं असतं येतो, अर्थ असतो जातो."

"बरोबर. तुम्ही आज सकाळी घरातून निघताना काय म्हणालात?"

"येतो म्हणालो."

"मग तुम्ही घर सोडलं का?"

कोर्टात खसखस पिकली. वकील हळूच म्हणाले, "सोडलं असं नाही म्हणता येणार, मॅडम. संध्याकाळी जायचंय."

"आपल्यात 'जातो' म्हणणाऱ्याला दारातून परत बोलावतात, आधी येतो म्हण म्हणून," बाई म्हणाल्या. "शब्द साक्षीदाराने उच्चारला तसाच लिहायचा. 'जातो' खोडा."

कुंचल्याची छाती चार बोटं फुगली. आपण त्या दिवशी सवयीने बोलून गेलो, त्यात एवढं काही होतं हे त्यालाही माहीत नव्हतं. जिंकलो, असं म्हणून त्याने बायकोकडे बघितलं. तेवढ्यात त्याच्याच नावाचा पुकारा झाला, आणि सगळी हवा गेली.

वकिलांनी पहिलाच प्रश्न टाकला. "तुमचा अॅप्रन आणि टोपी या पुतळ्याच्या अंगावर कशी गेली?"

भाऊंनी पुढच्या बाकावरून ओठांनी आकार केला: वाळत.

"वाळ..." कुंचला म्हणाला आणि त्याने बाईंकडे बघितलं. पेन खाली होतं. त्या त्याच्याकडे बघत होत्या, मघाशी मालकाकडे बघत होत्या अगदी तशाच. ना दरडावणं, ना लाडीगोडी. पुढचा शब्द काय येतोय एवढंच बघत होत्या. पुतळ्यांच्या डोळ्यांत नेमकं हेच आणायला तो धडपडत आला होता, आणि त्या डोळ्यांपुढे 'वाळत' हा शब्द काही त्याच्या तोंडातून पुढे सरकेना.

"मीच चढवला," तो म्हणाला. "चहाला गेलो की त्याला माझ्या जागी उभा करून जायचो. वरून दिसावं म्हणून."

भाऊंनी कपाळावर हात मारला.

"म्हणजे तुम्ही मालकांना फसवत होता!" वकील चेकाळले.

"हो."

"थांबा, थांबा!" मालक मागून ओरडला. "तो मान वर न करता काम करणारा..."

"तो हाच, मालक," कुंचला म्हणाला. "माझी एवढा वेळ मान खाली राहत नाही. मला उसण भरते."

बाईंनी त्याचं सगळं संपू दिलं, पेन उचललं, "बरं" म्हणाल्या आणि लिहून घेतलं. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. गेलं स्टूल, कुंचल्याच्या मनात आलं. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा. बाकावर येऊन बसला तर भाऊ त्याच्याकडे बघेनात. बायकोने मात्र पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्याच्या हातात दिली. न बोलता दिली, पण भुवई जागेवर होती.

शेवटचा साक्षीदार वॉचमन. बिचारा अजून मालकाच्याच पगारावर. एक डोळा मालकाकडे, एक बाईंकडे ठेवून उभा राहिला.

"तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"हाकललं त्याला आत सोडू नको, असं."

"कोणाला?"

"तीच तर पंचाईत झाली, मॅडम. कोणी म्हणे कुंचल्याला हाकललं, कोणी म्हणे पुतळ्याला. मालकांना विचारायची सोय नव्हती, ते तो हात काखेत धरून तणतणत निघून गेले होते. म्हटलं, उगाच चूक व्हायची नि आपली नोकरी जायची. मी दोघांनाही बाहेर ठेवलं."

"पुतळ्यालाही?"

"हो, फाटकाबाहेर, भिंतीला लावून. पण दुसऱ्याच दिवशी एक बाई त्याला पत्ता विचारायला लागल्या. हा उत्तर देईना, वर भुवई अशी. त्यांनी भांडण काढलं, गर्दी जमली. मग मालक म्हणाले, घे त्याला आत."

"आणि यांना?" बाईंनी कुंचल्याकडे बोट दाखवलं. "हे आले होते?"

"रोज यायचे की. डबा घेऊन. आठवडाभर तरी. मग यायचे थांबले."

बाईंनी तेही लिहून घेतलं. मग वकिलांकडे वळल्या. "वकीलसाहेब, मला एवढंच समजावून सांगा. तुमच्या अशिलांनी हाकललं ते पुतळ्याला. मग फाटकावर निरोप कशाला? तो स्वतःच्या पायांनी येणार होता का?"

वकिलांनी मालकाकडे बघितलं, मालकाने पुतळ्याकडे. पुतळ्याची भुवई वर होती.

"आणि दुसरं," बाई म्हणाल्या, "पुतळ्याला कामावर परत घेतलं. माणसाला नाही. असं का?"

"विचार करून सांगतो," वकील म्हणाले आणि खाली बसले. ते अजून विचारच करत आहेत, असं ऐकिवात आहे.

निकालाच्या दिवशी खोली गच्च भरली होती. सलूनमधला अर्ध्या मिशीचा माणूसही आला होता. बाईंचा आवाज तेवढाच बारीक, पण पंखासुद्धा करकरायचा थांबला असावा, कारण शेवटच्या बाकापर्यंत अक्षर न् अक्षर पोचत होतं.

"नोकरी सोडायला नुसते पाय उचलून भागत नाही," बाई म्हणाल्या. "मनातून सोडलेली असावी लागते. जो माणूस येतो म्हणून गेला आणि दुसऱ्या सकाळी डबा घेऊन फाटकावर आला, त्याने नोकरी सोडली असं म्हणता येत नाही. त्याला आत घेतलं नाही, म्हणजे त्याला काढलं. पुतळ्याला बोललेल्या शब्दांनी काढलं नसेल, वॉचमनला बोललेल्या शब्दांनी काढलं."

मालक उठून काही बोलणार होता, वकिलांनी कोट धरून त्याला बसवलं.

"आता, काढण्यासारखं काही होतं का? असेलही. मालकांना कामगाराला काढताच येत नाही असं नाही. पण त्याआधी त्याच्यावर काय ठपका आहे तो त्याला सांगायचा आणि त्याचं म्हणणं ऐकायचं, एवढं कायदा मागतो. मालकांना समोर माणूस आहे की पुतळा हे कळलं नाही. चष्मा नव्हता हे एक कारण झालं. दुसरं कारण असं की, त्यांना उत्तर नकोच होतं. उत्तराची वाट बघितली असती तर पहिल्याच मिनिटाला कळलं असतं."

मालक पहिल्यांदाच आपल्या बोटांकडे बघत बसला होता.

"त्याच कामावर, त्याच जागेवर त्याला परत घ्यावं. मात्र," बाईंनी कुंचल्याकडे बघितलं, "चहासाठी पुतळा उभा करणं ही लबाडी आहे. ती त्याने स्वतः सांगितली, वकिलांना शोधावी लागली नाही, म्हणून नोकरीवर आच येत नाही. पण मधल्या काळाचा पगार अर्धाच मिळेल. भुवईबद्दल हे कोर्ट काही बोलणार नाही. तो या कोर्टाचा विषय नाही, आणि कदाचित तो घरचा विषय आहे."

बाहेर व्हरांड्यात भाऊ "विजय असो" ओरडत होते. कुंचला मात्र वळून वळून त्या खोलीकडे बघत होता. आत पुढचा खटला सुरू झाला होता. कुणीतरी बोलायला उभं राहिलं होतं आणि बाईंनी पेन खाली ठेवलं होतं.

"अर्धा पगार कापला हो तुमचा," बायको म्हणाली.

"कापू दे. नेमका कापला." तो म्हणाला. "अगं, मी असतो तर एक तर सगळा दिला असता, नाहीतर काहीच दिला नसता. त्या बाईंचा हात बघितलास? जिथे रेघ हवी तिथेच थांबला."

"तुम्ही कधीपासून दुसऱ्याच्या हाताचं कौतुक करायला लागलात?"



कामावरच्या पहिल्या सकाळी वॉचमनने त्याला सलाम ठोकला. खिडकीपाशी स्टूल जागेवर होतं, पण समोरचं दृश्य बघून कुंचल्याच्या हातातला डबा सुटला. पुतळ्यांची रांगच्या रांग उभी होती आणि एकूण एक चकणे. एक स्वतःच्या नाकाकडे बघत होता, एक छताकडे, दोघे एकमेकांकडे संशयाने. मधल्या काळात डोळे काढायला कोणी मिळेना, तेव्हा मालकाने नवा चष्मा लावून स्वतःच ब्रश हातात घेतला होता.

मालक जिना उतरून आला. एक डोकं काखेत धरलेलं. कुंचल्यासमोर येऊन उभा राहिला, घसा साफ केला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. जन्मात कधी न उच्चारलेलं वाक्य होतं, त्यामुळे जिभेला वळण नव्हतं.

"याच्याबद्दल," तो डोकं पुढे करून म्हणाला, "म्हणजे या डोळ्यांबद्दल... तुझं काय म्हणणं आहे?"

कुंचल्याने तोंड उघडलं आणि तसंच राहू दिलं. इतकी वर्षं उत्तरं साठवली होती, पण विचारलं कोणीच नव्हतं. आता विचारलं तर नेमकं एक आठवेना. अख्खा कारखाना हातचं काम सोडून बघत होता. मग त्याने स्टूल पुढे ओढलं, बसला, मालकाच्या हातातलं डोकं उजेडाकडे वळवायला लावलं, आणि जो सुरू झाला! बुबुळ मध्ये का नसतं, थोडं वर का असतं. पापणीची सावली कुठे पडते. बघणं वेगळं आणि टक लावणं वेगळं. गिऱ्हाइकाकडे बघायचं कसं, अपमान न करता, लाळघोटेपणा न करता. मालकाने दोनदा मध्ये बोलायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा कुंचला म्हणाला, "माझं म्हणणं अजून संपलेलं नाही," आणि मालक गप्प झाला. या पायावरचा भार त्या पायावर टाकत उभा राहिला.

जेवणाची घंटा झाली. डोकं धरून मालकाच्या हाताला मुंग्या आल्या होत्या.

"मध्ये जेवून घेऊ का?" त्याने विचारलं.

कुंचल्याने जरा विचार केला.

"घ्या," तो म्हणाला. "पण लवकर या. हा नुसता उजवा डोळा झालाय."